बंदी असून पण हुक्का चालतोच कसा? राजारामपुरीच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्यांच्या अपार्टमेंटच्या खाली गाळ्यात एक कॅफे आहे, संध्याकाळी सातनंतर कॉलेजची पोरंपोरी तिथं हुक्का ओढत बसतात, मध्यंतरी छापा पडला, हुक्क्याचे पॉट उचलून नेले, पेपरला बातमी पण आली आणि आठ-दहा दिवसात परत सगळं चालू. मालकाला विचारलं तर म्हणतो हे हर्बल आहे, तंबाखूचा कणही नाही, हायकोर्टाची ऑर्डर आहे. त्यात घरचा मुलगा म्हणतो की धूर पाण्यातनं गाळून येतो, सिगारेटपेक्षा कितीतरी बरं. मग महाराष्ट्रात बंदी आहे म्हणतात ती नक्की कशाची, आणि सोसायटीनं करायचं काय?

आधी माझं सांगतो. मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करतो, हुक्क्याच्या केसमध्ये कॅफेवाल्यांची वकीलपत्रं घेतलीत आणि तंबाखू नियंत्रणाच्या ट्रेनिंगमध्ये पोलिसांपुढं उभा राहून केस कशी बांधायची ते पण सांगितलंय, त्यामुळं दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. केस कुठं सुटते हे त्यामुळंच मला नीट माहिती आहे, आणि उत्तर पण तिथूनच सुरू करतो.

बंदी आहे, खरी आहे आणि चांगली कडक आहे. पण ती तंबाखूच्या हुक्क्यावर आहे. केंद्राचा २००३ चा तंबाखू कायदा आहे, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्यात महाराष्ट्रानं २०१८ मध्ये दुरुस्ती करून कलम ४-अ घातलं आणि ४ ऑक्टोबर २०१८ पासून ते लागू झालं. हुक्का बार उघडायचा नाही, चालवायचा नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या वतीनं पण नाही, हॉटेल-कॅफेत पण नाही. शिक्षा कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दंड पन्नास हजार ते एक लाख. गुन्हा दखलपात्र. वाचायला एकदम भारी वाटतं. पण हुक्का बारची व्याख्या काय, तर जिथं लोक जमून हुक्क्यातनं तंबाखू ओढतात ती जागा. म्हणजे आरोपीला सजा लावायची तर सरकारी वकिलाला पहिल्यांदा हे सिद्ध करावं लागतं की त्या चिलमीत तंबाखू होता. धूर होता, पेटलेला कोळसा होता, पोरं पाइप तोंडात घेऊन बसली होती, एवढं सगळं व्हिडिओत दिसत असलं तरी ते पुरत नाही.

आणि हे फक्त नव्या कलमाचंच नाही बरं का. कोटपामध्ये धूम्रपान म्हणजेच तंबाखूचं धूम्रपान असं लिहिलंय. त्यामुळं सार्वजनिक ठिकाणी ओढला म्हणून दोनशे रुपयांची पावती फाडायची तरी तंबाखू लागतो, अठरा वर्षाखालच्याला विकला म्हणून कारवाई करायची तरी तंबाखू लागतो. मालक एकदा हर्बल म्हणाला की कागदावर तो या सगळ्या कायद्याच्या बाहेरच जाऊन उभा राहतो. पंधरा वर्षाचं पोरगं खरोखरच्या हर्बलचा पॉट घेऊन बसलं तर कोटपातलं एकही कलम सरळ लागत नाही, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं की पोलिसांचा पण विश्वास बसत नाही.

आता हे असं का झालं ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. २०११ च्या आसपास मुंबई महापालिकेनं हॉटेलच्या परवान्यातच अट घातली की हुक्का द्यायचा नाही. हॉटेलवाले हायकोर्टात हरले, मग सुप्रीम कोर्टात गेले आणि ८ डिसेंबर २०१४ ला तिथं जिंकले. कोर्टाचं म्हणणं साधं होतं, की तीस किंवा जास्त लोक बसायची सोय असलेल्या रेस्टॉरंटला स्मोकिंगसाठी वेगळी जागा ठेवायची मुभा केंद्राचाच कायदा देतो, मग पालिका स्वतःच्या परिपत्रकानं ती कशी काढून घेणार. त्यावेळी नियमात असं होतं की स्मोकिंग एरियात दुसरी कुठली सेवा द्यायची नाही. कोर्टानं म्हटलं, दुसरी नाही म्हणजे स्मोकिंगची सेवा देता येते, हुक्का आणून द्या, जेवणखाण तेवढं नको. मग केंद्रानं २०१७ मध्ये नियम बदलून कुठलीच सेवा नाही असं केलं. एका शब्दावर सहा वर्षं गेली बघा.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, २८-२९ च्या मध्यरात्री, मुंबईत कमला मिलची आग लागली, चौदा लोक गेले. चौकशीत हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणगीचा मुद्दा आला. त्यानंतर राज्यात जो संताप झाला त्यातनं २०१८ ची ही दुरुस्ती आली, गुजरातनं आदल्या वर्षी असंच केलं होतं ते समोर होतंच. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही म्हणा. चौदा माणसं गेली ती कोळशाच्या ठिणगीनं, आणि कायदा आला तो तंबाखूचा. चिलमीवरचा निखारा हर्बल असला तरी तेवढाच लाल असतो. माझं स्पष्ट मत आहे की गाडी इथंच चुकीच्या रुळावर गेली. धूर, कोळसा आणि कॅफेत बसवून दिलेली सेवा, या तीन गोष्टी डोळ्याला दिसतात, त्यांच्यावर कायदा करायचा सोडून तो केला डोळ्याला न दिसणाऱ्या चौथ्या गोष्टीवर.

मग २०१९ मध्ये हर्बलवाले मुंबई हायकोर्टात गेले आणि कोर्टानं, कायद्यात जे लिहिलंय तेच वाचून, सांगितलं की तंबाखू नसेल तर या दुरुस्तीखाली कारवाई नको, तंबाखू सापडला तर जरूर करा. तुमच्या खालचा मालक ऑर्डर ऑर्डर म्हणतो ती ही. त्यानं ती झेरॉक्स काढून काउंटरला ठेवलेली असणार, बहुतेक ठिकाणी असते, आणि त्यातलं दुसरं वाक्य तो कधी वाचून दाखवत नाही.

आता छाप्यात काय होतं ते सांगतो, कारण केस तिथंच मरते. रात्री साडेनऊला पथक आत शिरतं. एसी चालू, काचा बंद, टेबलाटेबलावर पॉट, वर चिलीम, फॉइलवर दोन-तीन निखारे. पोरं उठून पळायच्या तयारीत, वेटरनं पाइप आधीच टाकलेला. मागं किचनमध्ये फळीवर फ्लेवरचे डबे, डबल ॲपल, मिंट, पान, आणि एक फ्लेवर असतो कमिशनर नावाचा. पंचनाम्यात ‘कमिशनर, एक डबा, अर्धवट भरलेला’ असं लिहिताना हवालदाराला हसू आवरत नाही आणि कोर्टात वाचून दाखवताना मला पण. सगळ्या डब्यांवर ठळक छापलेलं असतं, झिरो टोबॅको झिरो निकोटीन. पथक काय करतं, पॉट, पाइप, डबे, कोळशाचा बॉक्स, सगळं एका पोत्यात घालतं, वर एक सील. चिलमीतला जळका माल तसाच चिलमीत राहतो नाहीतर पोत्यात सांडतो. मग कुठला नमुना कुठल्या टेबलावरचा, कुठल्या डब्यातला, काही कळायला मार्ग नाही.

लॅबकडं नमुना गेला की तिथं मुख्यतः निकोटीन सापडतंय का ते बघतात. बंद डबे बहुतेक वेळा खरंच हर्बल निघतात, कारण मालक काय खुळा नाही, फळीवर तो हर्बलच ठेवतो. तंबाखूचा माल वेगळा, पिशवीत, खालच्या कप्प्यात किंवा बाहेर गाडीच्या डिकीत, ओळखीच्या गिऱ्हाइकाला मिक्स करून. तो फक्त एकाच ठिकाणी सापडतो, पेटलेल्या चिलमीत, आणि नेमकी तीच कुणी वेगळी सील करत नाही. त्यामुळं ट्रेनिंगमध्ये माझं एकच पालुपद असतं, की साहेब पॉट काय वीस जप्त करा नाहीतर दोन, पण प्रत्येक पेटत्या चिलमीतला माल निखारा बाजूला काढून, गार करून, वेगवेगळ्या डबीत घ्या, डबीवर टेबल नंबर टाका, पंचांच्या सह्या तिथल्या तिथं घ्या. आता नव्या बीएनएसएसच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १०५ प्रमाणं झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं, ते तर उलट पोलिसांच्या फायद्याचंच आहे, पण शूटिंग सुरू होतं तेव्हा निम्मे पॉट टेबलावरनं उचलून झालेले असतात.

अजून एक बारीक गोष्ट. जप्ती करणारा किमान फौजदार म्हणजे पीएसआय दर्जाचा लागतो. गडबडीत हवालदारानंच सगळं उरकलेलं असतं आणि साहेब नंतर येऊन सही करतात. उलटतपासात हे बाहेर काढायला दहा मिनिटं लागतात. मी काढलंय, लपवत नाही, माझं कामच आहे ते.

लॅबचा रिपोर्ट यायला महिने जातात. तोपर्यंत आरोपीला अटक सहसा होत नाही, सात वर्षाच्या आतली शिक्षा असल्यानं नोटीस देऊन सोडतात, आणि तो दुसऱ्या दिवशी शटर उघडतो, कारण गाळ्याला सील लावायचा अधिकार छाप्यातनं आपोआप येत नाही. नवीन पॉट ऑनलाइन मागवला की घरपोच. पॉट विकायला बंदी नाही, फ्लेवर विकायला नाही, कोळसा विकायला तर नाहीच नाही. बंदी आहे ती बार चालवण्यावर.

त्यात हे कमीत कमी एक वर्षाचं प्रकरण. ऐकायला बरं वाटतं, पण कोर्टात त्याचा उलटा परिणाम होतो. पूर्वी दोनशे-पाचशे दंडाची केस असायची तर आरोपी यायचा, गुन्हा कबूल, दंड भरला, मोकळा, आणि त्याच्या नावावर किमान दोषी अशी नोंद तरी पडायची. आता एक वर्ष जेल समोर दिसत असताना कोण कबूल करणार? प्रत्येक केस पूर्ण चालते, तारखा पडतात, पंच कोण तर शेजारचा पानपट्टीवाला, तो दोन वर्षांनी येऊन म्हणतो की साहेबांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. संपला विषय. शिक्षा वाढवा म्हणून जे मोर्चे निघतात त्यांना मी हेच सांगतो, शिक्षा कमी ठेवा पण पटकन आणि नक्की होणारी ठेवा, परवाना गेला की कॅफेवाला जेवढा घाबरतो तेवढा तो तीन वर्षांच्या कागदी शिक्षेला नाही घाबरत.

पाण्याचं राहिलं. मुलाला असं सांगा. पाण्यातनं धूर गेला की तो गार होतो, गाळून निघत नाही. निकोटीनचा थोडा भाग पाण्यात अडकत असेल, पण कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे कोळशातनं निघणारा विषारी वायू, पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, तो बुडबुड्यातनं सरळ छातीत. उलट धूर गार लागतो म्हणून घशाला झोंबत नाही आणि माणूस सिगारेटपेक्षा लांब आणि खोल झुरका घेतो. सिगारेट पाच-सात मिनिटात संपते, पॉट तासभर चालतो. डब्ल्यूएचओच्या २००५ च्या टिपणात दिलंय की तासाभराच्या हुक्क्यात आत जाणारा धूर एका सिगारेटच्या धुराच्या शंभर ते दोनशे पट भरू शकतो. हे धुराच्या व्हॉल्यूमचं आहे, विष शंभर पट असं नाही, व्हॉट्सॲपवर ते चुकीचं फिरतं, ते पण मुलाला सांगा म्हणजे तो तुमचं बाकीचं खरं मानेल.

आणि हर्बलचं? त्यात निकोटीन नाही, त्यामुळं तल्लफ लागायचा धोका कमी, हे मान्य करावंच लागेल. पण कोळसा तोच, त्याचा कार्बन मोनॉक्साइड तोच, फ्लेवरमधलं मोलॅसिस (काकवी) आणि ग्लिसरीन तापून होणारा डांबरासारखा भाग तोच. तंबाखूचा आणि बिनतंबाखूचा हुक्का यांचा धूर तपासून बघितलाय, निकोटीन सोडलं तर बाकी विषारी घटकांत फारसा फरक सापडलेला नाही. बंद काचा, एसी, आठ-दहा पॉट एकदम पेटलेले, अशा खोलीत पोरगं उठून उभं राहतं आणि चक्कर येऊन पडतं, उलटी होते, डोकं ठणकतं. मित्र म्हणतात उपाशीपोटी ओढला म्हणून. दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८-९९ दाखवतो आणि सगळे निवांत होतात, पण ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्ताला पण ऑक्सिजनवालंच समजतं. त्यामुळं कधी अशी वेळ आलीच तर डॉक्टरांना हुक्का ओढून आलाय हे स्पष्ट सांगायचं, लाज बाळगायची नाही, वेगळी रक्ततपासणी असते ती आणि ऑक्सिजन, दोन्ही त्यांनाच सुचेल.

आपल्याकडं अजून एक अडचण आहे, ती कायद्याची नाही तर नजरेची आहे. तंबाखू आपल्याला नवीन नाही, कागल ओलांडलं की निपाणी, घरात आजोबा चुना मळणारे, आजी मिसरी लावणारी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू घेणारे प्रौढ २६.६ टक्के होते, त्यात धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि न जाळता घेणारे २४.४. म्हणजे आपला सगळा तंबाखू गालात. त्यामुळं सरकारी यंत्रणेचं लक्ष गुटखा-मावा आणि शाळेजवळच्या टपऱ्यांवर, जे बरोबरच आहे, आणि हुक्का म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा शौक म्हणून मागं पडतो. घरच्यांना पण सिगारेटच्या पाकिटाचा वास लगेच कळतो, पण मिंटचा वास आला तर च्युइंगम खाल्लं असेल असं वाटतं.

पाकिटावरनं आठवलं. हुक्क्याचा तंबाखू असेल तर त्याच्या डब्यावर पण ८५ टक्के जागेत तोंडाचा-घशाचा तो भीषण फोटो छापायला लागतो, १ एप्रिल २०१६ पासून. पण गिऱ्हाइकाला डबा दिसतो कुठं? डबा किचनमध्ये, टेबलावर येतो तो निळ्या लाइटचा काचेचा पॉट. तुर्कस्ताननं यावर काचेच्या पॉटवरच इशारा लावायचा नियम केला. आपल्याकडं असा काही विचार झालेला मला तरी दिसला नाही. शंभर यार्डाच्या नियमाचं पण तसंच, शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायचा नाही, पण नियमातली संस्था म्हणजे मान्यताप्राप्त शाळा-कॉलेज, आणि राजारामपुरीत खरी गर्दी कशाची, तर खाजगी क्लासेसची. नीट-जेईईचा क्लास सुटला की समोर कॅफे, आणि यार्ड मोजायची टेप कुठनं धरायची यावर वाद.

मग बाकीच्यांनी काय केलं? इंग्लंडनं २००६ च्या कायद्यात धूम्रपान म्हणजे तंबाखू किंवा दुसरा कुठलाही पदार्थ पेटवून ओढणं असं लिहून टाकलं, त्यामुळं तिथं कॅफेच्या आत हर्बल हुक्का पण चालत नाही, लॅबचा प्रश्नच मिटला. आणि इतक्या लांब कशाला जायचं, आपल्याच केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी घातली तेव्हा व्याख्येत ई-हुक्का नाव घेऊन घातला आणि निकोटीन असो वा नसो असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे आज महाराष्ट्रात बॅटरीवरचा बिननिकोटीनचा हुक्का गुन्हा आहे आणि कोळशावरचा बिनतंबाखूचा नाही. ज्याच्यात निखारा आहे तो कायदेशीर! हे लिहिणारे एकाच देशात बसले होते यावर विश्वास ठेवायला जड जातं. २०१८ च्या दुरुस्तीत एवढीच एक ओळ बदलली, तंबाखू किंवा इतर कुठलाही पदार्थ अशी, तर निम्मी भांडणं संपतील, आणि ते विधानसभेच्या हातात आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत कर्नाटकानं पण हुक्का बारवर बंदी आणली, त्यामुळं आपण बंद केलं तर पोरं निपाणी-बेळगावला जातील हे जे एक कारण दिलं जायचं ते पण राहिलं नाही.

एक गोष्ट मात्र कॅफेवाल्यांच्या बाजूनं बोलायलाच पाहिजे. काही जण खरोखर हर्बलच चालवतात, मुलांना बसू देत नाहीत, आणि त्यांना पण दर महिन्याला कुणी ना कुणी येऊन धमकावतं. कायदा धूसर ठेवला की त्यातनं पैसे खायची सोय होते, आणि ती सोय ज्यांना आहे त्यांना कायदा स्पष्ट व्हायला नको असतो. यापेक्षा जास्त इथं लिहीत नाही.

आता तुमच्या सोसायटीचं. सगळा जोर तंबाखू आहे तंबाखू आहे यावर लावू नका, कारण ते सिद्ध करणं तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात परवाना आहे. २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टात चेंबूरच्या एका रेस्टॉरंटचं प्रकरण झालं, त्यांचा पण दावा हर्बलचाच होता, आणि कोर्टानं सांगितलं की खाण्याच्या हॉटेलचा परवाना मिळाला म्हणजे हुक्का द्यायची परवानगी मिळाली असं होत नाही, जिथं बायका-मुलं-म्हातारी माणसं जेवायला येतात तिथं हुक्का मेनूतला पदार्थ असू शकत नाही, आणि आयुक्तांनी रोज जाऊन चिलमीत काय आहे ते तपासत बसावं अशी अपेक्षा करता येणार नाही. माझ्या मते हा निकाल २०१८ च्या दुरुस्तीपेक्षा जास्त कामाचा आहे, कारण यात लॅब लागत नाही. मालक तुम्हाला २०१९ ची ऑर्डर दाखवेल तेव्हा तुम्ही त्याला २०२३ ची दाखवा. दोन्ही एकाच हायकोर्टाच्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या आहेत, पहिली पोलिसांच्या गुन्ह्याबद्दल, दुसरी पालिकेच्या परवान्याबद्दल.

त्यामुळं पहिला अर्ज महापालिकेच्या परवाना विभागाला, की या गाळ्याला कशाचा परवाना आहे आणि त्यात हुक्का येतो का. दुसरा फायर ब्रिगेडला. निखारे, बंद काचा, बाहेर पडायला एकच जिना, वर राहती घरं, हे सगळं २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यात बसतं आणि तिथं तंबाखू आहे का नाही हे कुणी विचारत नाही. टेरेसवर किंवा मागच्या साइड मार्जिनमध्ये पत्रा मारून सिटिंग केलं असेल तर तो अतिक्रमणाचा वेगळा अर्ज. तिसरा अन्न व औषध प्रशासनाला, एकाच तोंडाच्या पाइपनं चौघं ओढतात त्या स्वच्छतेबद्दल आणि त्याच टेबलावर सँडविच देतात त्याबद्दल. अर्जात तारखा आणि वेळा लिहा, धूर जिन्यातनं कुठल्या मजल्यापर्यंत येतो ते लिहा. तरुण पिढी बरबाद होत आहे हे वाक्य घालू नका, त्यानं फाइलला काही वजन येत नाही.

गाळामालकाला विसरू नका. कॅफे चालवणारा भाडेकरू असतो, मालक ताराबाई पार्कात नाहीतर पुण्यात. त्याला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा की तुमच्या जागेत हे चालू आहे, तुम्हाला कल्पना दिली आहे, उद्या आग लागली किंवा गुन्हा दाखल झाला तर माहिती नव्हतं म्हणता येणार नाही. भाडेकराराची अकरा महिन्यांची मुदत संपते आणि करार पुढं होत नाही, असे गाळे मी छाप्यापेक्षा जास्त बंद झालेले बघितलेत.

पोलिसांकडं जायचं ते अठरा वर्षाखालची मुलं दिसली तर, आणि तेव्हा मात्र जोरात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखूचा पदार्थ किंवा नशेची वस्तू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, कोटपाच्या दोनशे रुपयांपुढं हे फार मोठं हत्यार आहे आणि ते क्वचितच वापरलं जातं. इथं पण तंबाखू सिद्ध करावा लागेल, म्हणून लेखी द्या की पेटत्या चिलमीतले नमुने वेगळे घ्यावेत, ही विनंती अर्जात आली की पथकाला ती टाळणं अवघड जातं. चालू असताना ११२ ला फोन करा, दुसऱ्या दिवशी सकाळी नको. पोलीस ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर बीएनएसएस कलम १७३(४) खाली एसपींना लेखी पाठवता येतं. फक्त एक, पोरांचे व्हिडिओ काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकू नका. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा होऊ शकतो, आणि मग कॅफेवाला राहतो बाजूला आणि तुमचे सेक्रेटरी कोर्टात.

कुणीच हललं नाही तर रिट याचिका. पूर्वी यासाठी मुंबईच्या वाऱ्या करायला लागायच्या, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. हे कॅफेवाल्याला पण तेवढंच जवळ आहे, तो कारवाईविरुद्ध स्टे मागायला येईल तेव्हा तुमचे अर्ज, त्यांच्या पोच आणि तारखा फाइलला असल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबरसकट. महिनाभर वाट बघा, उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी मला नाहीतर दुसऱ्या कुठल्या वकिलाला सगळे कागद घेऊन भेटा.

मुलासाठी, तो फक्त कधीमधी जातोय का रोज, हे त्याच्याशी भांडण न करता काढून घ्या. सकाळी उठल्यावर तल्लफ येत असेल, दोन दिवस नाही ओढला तर चिडचिड होत असेल, तर तो जे ओढतोय ते हर्बल नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असू दे. १८००-११२-३५६ ही सरकारची फुकट क्विटलाइन आहे, आईबापाऐवजी त्यानं स्वतः फोन केला तर जास्त उपयोग होतो.